डोळा जिथे चिकटला तिथेच

साडेतीन वर्षांच्या एका मुलाने त्याच्या स्नोमॅनचा एक डोळा बरोबर जागी चिकटवला आणि दुसरा पार खाली, मफलरच्या लाल पट्टीला टेकून. मुलं घरी गेल्यावर मी टेबल आवरत होते, ग्लू अजून ओला होता, आणि मनात आलं की एवढा छान झालाय, फक्त हा डोळा तेवढा वर हवा होता. नखाने उचलला, वर सरकवला, दाबला. दोन सेकंदांचं काम. मग सगळे स्नोमॅन दोरीला लावले आणि दिवे बंद करून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं दोरीपाशी. हा माझा, तो तुझा, याची टोपी बघ, असा नुसता गलका. तो मुलगा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, परत गेला. शेवटी म्हणाला, माझा नाहीये. मी दाखवला, अरे हा काय. त्याने अगदी जवळ जाऊन नीट बघितलं आणि म्हणाला, हा नाही. आणि ठोकळे खेळायला निघून गेला. रडला नाही, रुसला नाही. त्याच्या दृष्टीने त्याचा स्नोमॅन तिथे नव्हता एवढंच, आणि खरंच नव्हता, कारण मी तो रात्रीच बदलून टाकला होता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी लहान मुलांबरोबर काम करते, दर हिवाळ्यात स्नोमॅन होतोच होतो, आणि ग्लूची बाटली उघडली की मला तो डोळा आठवतो. तेव्हापासून एक ठरवून टाकलंय. क्राफ्टमध्ये मोठ्यांचं काम आधी असतं आणि नंतर असतं, मधे नसतं. आधी सामान जमवायचं, नंतर झालेली वस्तू मानाने मांडायची, आणि मधला सगळा वेळ मुलांचा, त्या वेळात आपले हात आपल्या मांडीवर.

आता स्नोमॅनच का, तर मला त्याचं एक अगदी साधं कारण वाटतं. तो गोलांचा असतो. मूल दोन वर्षांचं असताना नुसत्या रेघोट्या मारतं, फिरवत राहतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास कधीतरी ती फिरणारी रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळते आणि कागदावर पहिला बंद आकार उमटतो. गोल. रोडा केलॉग नावाच्या बाई सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बालवाडी चालवायच्या, त्यांनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवून बघितली, आणि त्यांनाही मुलांचा हा रेघोट्यांकडून गोलाकडे जाणारा रस्ता पुन्हा पुन्हा दिसला. म्हणजे चौकोनी घर, त्रिकोणी डोंगर, हे सगळं जमायच्या आधी मुलाला स्नोमॅन जमतो. दोन गोल काढले की माणूस झाला! दुसरा कुठलाच माणूस इतक्या लवकर हाताला येत नाही.

शब्दाचं पण सांगते. मराठीत हिममानव म्हटलं की लगेच यती डोळ्यापुढे येतो, केसाळ, डोंगरातला, त्यामुळे आपण सगळे स्नोमॅनच म्हणतो आणि मुलंही तेच म्हणतात. पण गोष्ट सांगताना मी बर्फाचा बाहुला म्हणते, कारण तो बाहुलाच आहे, आणि बाहुला म्हटलं की तो आपण करायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गोल तीनच हवेत असंही काही नाही. जपानमध्ये तो दोन गोळ्यांचाच असतो, युकीदारुमा म्हणतात त्याला, दारुमा नावाची जी गोलमटोल बाहुली असते तिच्यावरून. त्यामुळे एखाद्याने दोनच गोल केले, किंवा उत्साहाच्या भरात सात केले, तर मी काही बोलत नाही. पायांचंही तेच. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तेव्हा डोक्यातूनच थेट दोन पाय निघतात, बेडकाच्या पिल्लासारखे, हा त्या वयाचा अगदी नॉर्मल टप्पा आहे, मग त्यांच्या स्नोमॅनलाही पाय येणारच, त्याला पाय नसतात हे आपलं ज्ञान आपल्यापाशी ठेवायचं.

बर्फ कधी बघितलेलाच नाही अशी कितीतरी मुलं असतात. त्यांच्यापुढे एकदम कापूस ठेवून हा स्नो समजा म्हटलं तर ती समजतात बिचारी, पण हाताला काहीच कळलेलं नसतं. मी आधी फ्रीजमधला बर्फाचा खडा ट्रेमध्ये देते. तो पारदर्शक असतो. मग तो जाड कापडात गुंडाळून मी हातोडीने बारीक फोडते आणि तो चुरा परत त्यांच्यापुढे ठेवते, आणि तो पांढरा दिसतो! आरपार दिसणारी वस्तू फोडल्यावर पांढरी कशी झाली, हे त्यांच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं असतं. आकाशातून पडणाऱ्या बर्फाचंही हेच असतं, एकेक स्फटिक काचेसारखा स्वच्छ, पण असंख्य कडांवर उजेड आपटून सगळीकडे विखुरतो म्हणून ढीग पांढरा दिसतो. हे सगळं मुलांना सांगायची गरज नाही, त्यांनी चुरा मुठीत दाबून गोळा केला, हात गार पडले आणि बोटांमधून पाणी गळलं की पुरे. खऱ्या बर्फाचा गोळा तरी वेगळा कुठे होतो, तापमान शून्य अंशाच्या आसपास असलं की बर्फ जरा ओलसर असतो आणि कणाला कण धरतो, फार कडक थंडी असली की तो कोरडा, पिठासारखा होतो आणि गोळा वळतच नाही. ज्या मुलांकडे भरपूर बर्फ पडतो त्यांना हे कुणी न शिकवताच माहीत असतं.

मग कापूस. कापसाचा स्नोमॅन सगळेच करतात आणि सगळ्यांचीच फजिती होते. होतं असं की मूल बोटाने ग्लू लावतं, त्याच बोटाने कापसाचा गोळा उचलतं, कागदावर टेकवतं, आणि हात वर घेतला की कापूस बोटाबरोबर वर. परत टेकवतं. परत वर. मग दुसऱ्या हाताने काढायला जातं तर आता दोन्ही हातांना कापूस, प्रत्येक बोटाला एकेक पांढरी दाढी, आणि ते मूल हात समोर धरून शांतपणे बघत बसतं. मला ते बघणं फार आवडतं, पण मुलाला तेव्हा स्नोमॅन करायचा असतो आणि तो होत नसतो. उपाय सोपा आहे. ग्लू बोटाने नाही, ब्रशने, आणि तोही कागदावर लावायचा, कापसाला नाही. बाजूला ओलं फडकं आणि कोरडं फडकं. कापसाचे गोळे वेगळ्या वाटीत, ग्लूपासून लांब. हेच ते आधीचं काम. सामान नीट मांडलेलं असलं की मधे पडायची वेळच येत नाही.

आणि कागद पांढरा नको! पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस दिसतच नाही, मूल तासभर खपतं आणि लांबून कोरा कागद टांगल्यासारखा वाटतो. गडद निळा किंवा काळा कार्डपेपर घ्या. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये जेरिको नावाचं गाव आहे, तिथे विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता, त्याला लहानपणापासून हिमकणांचं वेड, आईने दिलेल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली तो ते बघून काढायचा, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण वितळून जायचा. मग त्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ ला एकट्या हिमकणाचा फोटो काढला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभरात ५००० च्या वर फोटो. तो पडणारा बर्फ झेलायचा तो काळ्या फळीवर, कारण पांढरं दिसायला मागे काळं लागतं. काळा कागद वाटताना मी मुलांना ही गोष्ट सांगते, आणि चित्र पुरं व्हायच्या आधी कण वितळायचा हा भाग सांगितला की सगळी गप्प होतात.

हिमकणाची आठवण निघालीच आहे तर, स्नोमॅनच्या मागे लावायला आपण जे कागदी हिमकण कापतो ते बहुतेक वेळा चार नाहीतर आठ टोकांचे होतात, कारण आपण कागद अर्ध्यात अर्धा, अर्ध्यात अर्धा असा दुमडतो. खरा हिमकण सहा टोकांचा. पाण्याचे रेणू बर्फ होताना षटकोनी जाळीत बसतात त्यामुळे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये या सहा टोकांचं कोडं घेऊन एक छोटी पुस्तिकाच लिहिली होती. गोल कागद अर्धा दुमडा, मग त्या अर्धगोलाच्या तीन सारख्या घड्या घाला, आणि ती घडी परत एकदा मधोमध दुमडा, झालं. घड्या आपण घालून द्यायच्या, कात्री मुलांनी चालवायची, बोथट टोकाची. आणि जाड घडी कापताना त्या छोट्या मुठी थरथरतात, तेव्हा आपला हात पुढे जाऊ द्यायचा नाही, हे मला अजूनही अवघड जातं.

ज्यांना कात्री जमत नाही त्यांनी कागद फाडायचा. फाडलेल्या कागदाचा स्नोमॅन माझ्या मते कापलेल्यापेक्षा सुंदर दिसतो, कडा मऊ, विस्कटलेल्या, बर्फासारख्या. आणि फाडायला दोन्ही हातांची चिमूट एकमेकींच्या उलट दिशेने फिरवावी लागते, त्यात बोटांना जेवढं काम होतं तेवढं तयार गोल चिकटवण्यात होत नाही.

फुगीर रंग पण करून बघा. शेव्हिंग फोम आणि पांढरा ग्लू सारख्याच मापाने हलक्या हाताने मिसळायचा, कार्डपेपरवर थापायचा, पसरून पातळ करायचा नाही. रात्रभर वाळला तरी फुगलेलाच राहतो, बोट लावलं तर स्पंजसारखा लागतो. मात्र जी मुलं अजून सगळं तोंडात घालतात त्यांच्यासाठी हा नाही. मिठाच्या कणकेचंही तसंच, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी, छान घट्ट गोळा होतो, मुलं तासन्‌तास वळत बसतात, पण त्यात इतकं मीठ असतं की कोणी खाल्लं तर त्रास होईल, घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. सॉक्सचा स्नोमॅन सोपा, पांढऱ्या सॉक्समध्ये तांदूळ भरायचे, मधे रबर बँड लावला की पोट आणि डोकं वेगळं होतं, वर उरलेलं बांधून त्याची टोपी. तो आपला आपण उभा राहतो म्हणून मुलांना फार आवडतो, दिवसभर काखेत घेऊन फिरतात.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण गंभीरपणे. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, बटणं, हलणारे डोळे, छोटे पॉमपॉम देऊ नका. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते त्या वयाला घशात अडकू शकतं, ही पडताळणी घरच्या घरी करता येते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर अजिबात नको, ते पोटात जाऊनही फुगतात. कागदी कपाच्या स्नोमॅनमध्ये बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवतात, दिसतो फार गोड, पण बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच, कारण ती बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर आत फार लवकर आणि फार वाईट इजा करते. हॉट ग्लू फक्त मोठ्यांच्या हातात.

हाताच्या ठशांच्या स्नोमॅनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पांढऱ्या रंगात बुडवलेला पंजा निळ्या कागदावर उमटवायचा, प्रत्येक बोटाचा एकेक स्नोमॅन, मग आपण बारीक पेनने त्यांना डोळे, टोप्या, मफलर काढायचे. दिसतो अप्रतिम. पण तो बाहुला आपण करतो, मुलाने फक्त हात दिलेला असतो. त्या वर्षी हात केवढा होता याची ती आठवण आहे, आईबाबांसाठी, आणि ती जरूर करावी, मी पण करते. फक्त त्याच दिवशी मुलालाही एक कागद आणि रंगाची वाटी द्यावी, त्याचं त्याचं काहीतरी करायला.

नमुना दाखवायचा की नाही यावर लोक फार वाद घालतात. मी आधी केलेला नमुना समोर ठेवत नाही, कारण ठेवला की वीस मुलं तोच करतात आणि ज्यांना तो जमत नाही ती तुम्हीच करून द्या म्हणतात. त्याऐवजी मी खऱ्या स्नोमॅनचे फोटो दाखवते, खूप वेगवेगळे. त्यात सगळ्यांना आवडतो तो अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बेथेल गावातला. तिथल्या लोकांनी २००८ मध्ये बर्फाची बाई केली, १२२ फूट उंच. हात म्हणून अख्खी सूचीपर्णी झाडं, पापण्या म्हणून स्की, ओठ म्हणून लाल रंगवलेले टायर. हे ऐकलं की मुलं सामानाच्या टोपलीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. बाटलीचं झाकण, तुटका कंगवा, काडी, लोकरीचा गुंता. कंगव्याच्या दातांची मिशी मी स्वतः कधीच सुचवली नसती.

आता नंतरचं काम, मांडायचं. हे मला क्राफ्टएवढंच महत्त्वाचं वाटतं आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. आपण मुलांची चित्रं आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावतो. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे नव्वदच्या आसपास. दोरी तिथे बांधा. मोठ्यांना वाकावं लागेल, वाकू दे. मोठी माणसं मुलाच्या कामापुढे वाकून उभी राहिली की त्या मुलाची मान कशी ताठ होते ते एकदा बघाच.

सगळे लावा, निवडक नको. दाटीवाटीने नको, प्रत्येकाच्या बाजूला हातभर नसली तरी वीतभर मोकळी जागा. नाव पुढे लिहायचं की मागे ते मुलाला विचारून. आणि खाली एका चिठ्ठीवर त्याने काम करताना जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत. इटलीत रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळा यासाठी ओळखल्या जातात, लॉरिस मालागुत्सी नावाच्या शिक्षकाने दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पालकांबरोबर ते काम उभं केलं, तिथे मुलांच्या वस्तूंबरोबर त्यांचं बोलणंही टिपून भिंतीवर मांडतात. मी ते उचललं. एका मुलीने ११ बटणं चिकटवली होती, सगळीच्या सगळी स्नोमॅनच्या बाहेर, कागदाच्या एका कोपऱ्यात. आधीची मी असते तर म्हटलं असतं, अगं पोटावर लाव ना. तिला विचारलं तर म्हणाली, दाबलं की चिकटतं. चिठ्ठीवर मी तेवढंच लिहिलं. तिची आई ते वाचून बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत उभी होती.

छान आहे, सुंदर आहे, हे मी हल्ली कमी म्हणते. जे दिसतं ते म्हणते. इथे तू कापूस खूप जाड लावलास. या टोपीला तीन रंग आहेत. मग मूलच पुढे बोलायला लागतं.

किती दिवस ठेवायचं हाही प्रश्न येतोच. कापूस धूळ धरतो, ग्लू पिवळा पडतो, मिठाची कणीक दमट हवेत मऊ पडते, सॉक्समधल्या तांदळाला कीड लागू शकते. काही टिकत नाही आणि टिकायला हवंच असंही नाही. फ्लोरेन्समध्ये १४९४ च्या जानेवारीत जोरदार बर्फ पडला तेव्हा तिथला सत्ताधीश पिएरो दे मेदिची याने शिल्पकार मायकेलँजेलोकडून वाड्याच्या अंगणात बर्फाचा पुतळा करून घेतला होता, तेव्हा मायकेलँजेलो १८ वर्षांचा. तो पुतळा फार सुंदर होता असं कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलंय, आणि त्याच्या कौतुकाच्या त्या शब्दांपलीकडे काही उरलं नाही. मला ते वाचून दर वेळी हळहळ वाटते आणि मग वाटतं, ज्यांनी तो अंगणात उभं राहून बघितला त्यांनी बघितला.

त्यामुळे मी एकच गोष्ट बदलली आहे. पूर्वी दोरीजवळ सांगायचे, हात लावू नका, बघा फक्त. आता लावू देते. ज्याचा त्याने आपापला, हवा तेवढा. कापूस सुटतो, टोपी निघते, मग ग्लूची बाटली तिथेच खाली ठेवलेली असते, ज्याचं त्याने दुरुस्त करायचं. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी रोज आली की आधी दोरीपाशी जायची आणि आपल्या स्नोमॅनच्या पोटावर एकदा बोट दाबायची, मग जॅकेट काढायची. रोज. थंडी सरत आली तेव्हा दोरी उतरवली, प्रत्येकाचा ज्याच्या त्याच्या हातात दिला. तिच्या स्नोमॅनच्या पोटावर कापूस दबून बरोबर एक छोटा खड्डा पडला होता, कडेने जरा मळका. तिने त्यात बोट ठेवून बघितलं, बसलं, आणि तसंच बोट ठेवून ती तो दारापर्यंत घेऊन गेली.